दुरून डोंगर कोणाला साजरे?

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मराठीत कोणी रुजवली, याचा माग काढणे अवघड आहे. पण ती कोठे उभे राहून उच्चारली गेली असावी, याविषयी शंकेला जागा नाही. ती सपाटीवरच्या माणसाची म्हण आहे. ज्याचे घर डोंगरावर आहे त्याला डोंगर दुरून दिसतच नाही. त्याला दिसते ती खालची सपाटी, अंधार पडल्यावर तिच्यावर उजळणारे दिवे आणि त्या दिव्यांपर्यंत पोहोचायला लागणारी उतरण. म्हणजे डोंगराविषयी बोलायचे ते पायथ्याशी उभे राहून, हे भाषेने एका म्हणीत ठरवूनच टाकले. आमच्या मते मराठी ललित साहित्यानेही, काही अपवाद सोडता, हीच जागा धरून ठेवली आहे. आणि त्याची किंमत केवळ वाङ्मयीन नाही.

आम्ही राहतो ते करंजाडे हे पनवेलला खेटून सिडकोने वसवलेले उपनगर. पूर्वेला माथेरान-प्रबळची रांग, दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, आणि पनवेलच्या काठाने वाहणारी गाढी नदी, जी त्याच माथेरानच्या डोंगरांतून उतरते. श्रावणात गच्चीवर उभे राहिले की या रांगेवर ढग असे विसावतात, की वाङ्मयाच्या अध्यापकाला उपमांचा मोह आवरत नाही. नव्या इमारतींच्या जाहिरातींत तर डोंगराचे दर्शन वाहनतळ आणि उद्वाहक यांच्याबरोबरीने सुविधांच्या यादीत छापलेले असते. आम्हाला डोंगर मिळतो तो असा, खिडकीच्या चौकटीत. त्यात आनंद आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण त्याला 'डोंगराळ प्रदेशात राहण्याचे सुख' म्हणणे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर भेळ खाणाऱ्याने स्वतःला दर्यावर्दी म्हणवून घेण्यासारखे होईल.

आमच्या या परिसराला मराठी वाङ्मयात एक मानाचे पान आहे. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांची, लिंगोबाच्या डोंगराची आणि त्याच्या कड्यावरल्या मधमाश्यांच्या पोळ्यांची आहे. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट केला आणि कादंबरी न वाचलेल्यांपर्यंतही ते जग पोहोचले. दांडेकर हे केवळ दृश्यलोलुप लेखक नव्हते. त्यांच्या डोंगराला वास आहे, काटे आहेत, देव आहे, आणि त्या देवाशी भांडणारा माणूसही आहे. 'माचीवरला बुधा'मध्ये तर मुंबई सोडून राजमाचीच्या माथ्यावर राहायला जाणारा म्हातारा आहे, म्हणजे डोंगरावरचा मुक्काम हाच कादंबरीचा विषय आहे. तरीही हे सारे लिहिणारी नजर एका थोर भटक्याची आहे. बुधा डोंगरावर जातो ते शहराला विटून, स्वतःच्या मर्जीने. ज्याला विटायला शहर कधी मिळालेच नाही, त्याचा डोंगर निराळा असतो. दांडेकरांनी आपले काम चोख केले. त्यांच्यानंतरच्या अर्धशतकात आपण त्यांच्या पुढे किती गेलो, हा प्रश्न आपला आहे.

यावर सांगितले जाईल की आता डोंगराविषयी विपुल लिहिले जाते. ते खरे आहे, पण पाहू गेल्यास त्या लेखनाच्या दोनच जाती दिसतात. एक गडवाटांची वर्णने, ज्यांत सूर्योदय, दमछाक, धुके आणि वाडीतल्या मावशींची चूल ठराविक क्रमाने येतात. दुसरी दुर्घटनेनंतरची वृत्ते आणि अग्रलेख. पहिल्यात डोंगरावरचा माणूस पिठलं-भाकरी वाढतो, दुसऱ्यात तो ढिगाऱ्याखाली सापडतो. मध्यंतरीच्या तीनशे साठ दिवसांत तो काय करतो, कशात सुख मानतो, कशाला वैतागतो, हे कोणी लिहायचे?

तो काय सुख मानतो, याचा थोडाफार सुगावा आम्हाला लागतो तो आमच्याच वर्गातून. पनवेल-खालापूरकडच्या वाड्यांतून आमच्या वर्गांत येणारी मुले संख्येने थोडी असतात आणि पहिली दोन वर्षे बहुधा गप्प असतात. तिसऱ्या वर्षी एखादे बोलू लागते तेव्हा त्याच्या तोंडी निसर्गसौंदर्य हा शब्द नसतो. पहिल्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन ओढ्यात खेकडे धरायला जाण्याची मौज असते. वैशाखात खाली पनवेलला घामाच्या धारा लागलेल्या असताना वर अंगणात गोधडी लागते, याचा अभिमान असतो. कोणाच्या घरी लग्न असले तर बोलावणे करावे लागत नाही, ढोल वाजला की वाडी जमते, हेही असते. आणि रानातल्या जिनसांची नावे असतात. मृगाच्या सुमारास पनवेलच्या बाजारात वाडीवरल्या बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी काकडांची हिरवी फळे मांडतात, कारण शेवळाची खाज काकडाशिवाय मरत नाही. मग टाकळा, भारंगी, फोडशी, करटोली अशी एकेक भाजी आपापल्या नक्षत्रावर हजेरी लावून जाते. आपण त्यांना रानभाज्या म्हणून मोसमाची चैन मानतो. वर ते ज्ञान आहे. कोणत्या उतारावर, कोणत्या झाडाखाली, कितव्या पावसानंतर काय उगवते, याचे. हे ज्ञान खाली उतरवता येत नाही, सपाटीवर त्याचा उपयोग नाही. डोंगर सोडणे म्हणजे या विषयात निरक्षर होणे, ही गोष्ट कुठल्याही पुनर्वसनाच्या कागदावर लिहिलेली नसते.

आता दुसरी बाजू. ती लपवून डोंगराची आरती ओवाळणारे लेखन आम्हाला मान्य नाही. माथेरानच्या माथ्यावर वर्षाला सुमारे पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो. मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. तरी या रांगेतल्या कित्येक वाड्यांत एप्रिल उजाडला की झऱ्यापाशी हंड्यांची रांग लागते. ज्याला सह्याद्रीची घडण ठाऊक नाही त्याला हा विरोधाभास वाटेल. काळा पाषाण पाणी फारसे पोटात घेत नाही, वरचा मातीचा थर पातळ, उतार तीव्र. आलेला पाऊस काही तासांत ओढ्यातून नदीला आणि नदीतून खाडीला मिळतो. डोंगर ज्याला चार महिने भिजवतो त्यालाच दोन महिने तहानलेला ठेवतो. दुखणाइताला झोळीत घालून खाली आणावे लागते, आणि झोळीचे टोक खांद्यावर घेणारी तरुण मुले तर कामासाठी खाली उतरलेली असतात. चौथीनंतरची शाळा पायथ्याला. भातशेती थोडी, नाचणी-वरीची वरकस जमीन, तीही पुष्कळदा वनखात्याच्या हद्दीत दळी म्हणून कसलेली, मालकी सिद्ध करायला कागद नसलेली.

आणि दरड. ज्या पातळ मातीतून शेवळे उगवतात तीच माती सलग पावसात पाणी पिऊन जड होते आणि खालच्या कातळावरून सरकते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, ऐंशीहून अधिक. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, खालापूर तालुक्यातली ठाकरांची वस्ती. मदतपथकांना भर पावसात, अंधारात ती चढण पायी चढावी लागली. खोदकामाची यंत्रे वर नेता येत नव्हती, माती फावड्या-कुदळीने उपसली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हती.

त्या आठवड्यात आमच्या आसपास, अध्यापककक्षांत आणि वसाहतीच्या फाटकापाशी, एकच प्रश्न पुन्हापुन्हा ऐकू आला: "पण ही माणसे तिथे राहतातच कशाला?" विचारणारे निर्दय नव्हते, हळहळतच विचारत होते. पण आम्हाला तो प्रश्न तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. कारण इर्शाळवाडीपासून फार लांब नसलेल्या माथेरानच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तेथे जाऊन राहणे ही हौस ठरते, वाडीत राहणे हट्ट. माथेरानचा 'शोध' ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये लावला, असे आजही छापले जाते. मॅलेटसाहेब येण्यापूर्वी त्या डोंगरात ठाकर, कातकरी आणि धनगर वावरत होते, ते बहुधा शोध लागण्याची वाट पाहत असावेत! १९०७ मध्ये नेरळहून झुकझुक गाडी वर गेली, हवा खाणाऱ्यांची सोय झाली. त्यांना माथ्यावर फिरवायला माणसांनीच माणसांना ओढायच्या रिक्षा आल्या. त्या बंद करून सहा महिन्यांत विजेवरच्या रिक्षा आणा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. एकाच रांगेत डोंगराची सुखे एका वर्गाकडे आणि डोंगराचे कष्ट दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे. दोघांना एकच पाऊस भिजवतो, पण एकाच्या पावसाला 'पावसाळी सहल' म्हणतात.

या वाटणीत आमचे करंजाडेही कोरडे नाही. आमच्या पश्चिमेला नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. त्याच्या धावपट्टीच्या जागी उलव्याची टेकडी होती, नव्वद-एक मीटर उंचीची. २०१७ पासून तिला सुरुंग लागले, तिचा दगड दलदलीच्या भरावात गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ नको होता, असे म्हणण्याचा दांभिकपणा आम्ही करणार नाही. करंजाड्यात घर घेताना त्याच्या भरवशावर हिशेब मांडणाऱ्यांत आम्हीही होतो. सांगायचे आहे ते इतकेच, की एक डोंगर उभाच्या उभा नाहीसा झाला आणि मराठीत त्याच्यावर चार चांगली पाने लिहिली गेल्याचे आमच्या वाचनात नाही. शालेय परीक्षेत मुले 'किल्ल्याचे आत्मवृत्त' आणि 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' वर्षानुवर्षे लिहीत आली. निर्जीवांना वाचा देण्यात आपली भाषा फार उदार आहे.

येथे आमच्यातच मतभेद आहे, तो सांगायला हवा. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की वाडीवरल्या ज्ञानाचे आणि ढोलाचे इतके कौतुक करणे हासुद्धा दुरून डोंगर साजरे म्हणण्याचाच एक सुशिक्षित प्रकार आहे. वाडीतली मुलगी विचारली तर नळ, दवाखाना आणि रस्ता मागेल. तिला शेवळांचे शास्त्र नको, परिचारिकेचा अभ्यासक्रम हवा. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. किंबहुना आमचा आग्रह त्यानेच बळावतो. ती काय मागेल हे आमच्यापैकी कोणीच का ठरवावे? ती रस्ताही मागेल आणि रानही. पक्के घर सपाटीवर हवे आणि वरकस जमिनीवरचा हक्कही सुटू नये, असे म्हणेल. खाली बसून आखणाऱ्याला या मागण्या परस्परविरोधी वाटतात, कारण त्याच्या लेखी घर म्हणजे चार भिंती आणि पोट भरण्याची जागा दुसरीकडे. वाडीत ही दोन्ही एकाच उतारावर असतात. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाबाबतचे निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाला, पण वादातले आवाज बहुतेक खालचेच होते.

सातपुड्याच्या बाजूने मराठीत हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शिकवली आहे. ज्यांचे दुःख आहे त्यांच्याऐवजी दुसरेच ते सांगतात, याचा तो शांत हिशेब आहे. आम्ही ती परीक्षेसाठी शिकवतो: आशय, अभिव्यक्ती, प्रतिमा, सहा गुण. कविता शिकवून झाली, पण व्यासपीठ मोकळे केले नाही. सह्याद्रीच्या या बाजूला, मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर, म-ठाकर आणि क-ठाकर यांच्या बोलींत गाणी, कहाण्या, रानाची नावे, दरडींच्या आठवणी अजून तोंडी आहेत, आणि मराठी विभागांची ग्रंथालये गडवाटांच्या पुस्तकांनी भरलेली आहेत. हिरकणीची कथा तर सर्वांनाच पाठ आहे. दरवाजे मिटले, बाळ खाली, ती कडा उतरली. ती दूध घेऊन रोज तो गड चढत होती, हे मात्र कथेत प्रस्तावनेपुरते येते. एका रात्रीचा पराक्रम आपण बुरुजाच्या नावात जपला. रोजच्या चढणीला नाव मिळाले नाही.

म्हणून येत्या सत्रात आम्ही एक छोटा प्रयोग करणार आहोत. पदवीच्या शेवटच्या वर्षाला अंतर्गत मूल्यमापनासाठी निसर्गचित्रणावरचा निबंध असे. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने डोंगरावर राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या एका माणसाचे बोलणे, त्याच्याच बोलीत, दुरुस्त न करता, पाच पानांत उतरवून आणायचे. ज्यांचे घर वाडीतच आहे त्यांनी स्वतःच्या आजीपासून सुरुवात केली तरी चालेल. त्यांना या एका कामात शहरातल्या मुलांवर मात करण्याची संधी मिळेल, हाही आमचा एक छुपा हेतू. प्रमाणभाषेचे गुण कापायचे की नाहीत, यावर विभागाच्या दोन बैठका झाल्या आहेत आणि तिसरी पुढच्या बुधवारी आहे.