शिकाऊ हाताला चांगला पाना द्या

खंडेनवमी तोंडावर आली की हार्डवेअरच्या दुकानांत टूलसेटच्या पेट्या दर्शनी फळीवर येतात. लाल नाहीतर निळं प्लॅस्टिक, आत साच्यात बसवलेले १०८ नग, प्रत्येकावर ‘क्रोम व्हॅनेडियम’चा ठसा आणि किंमत अशी की एका नगाला वडापावाएवढेही पैसे पडू नयेत. या दिवसांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. मुलगा आयटीआयला लागलाय, किंवा पुतण्याला गाडीचं काम घरीच करायची हौस आलीय, तर पहिला सेट कुठला घ्यावा? प्रश्नाच्या शेपटाला उत्तरही जोडलेलं असतं. आत्ता शिकतोय, तेव्हा स्वस्तातलाच बघतो. हात बसला की चांगला घेऊ.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हात बसलेला माणूस भंगार पान्यानंही वेळ मारून नेतो. चांगल्या हत्याराची खरी गरज असते ती शिकाऊ माणसाला.

मोटारसायकलवर सगळ्यात जास्त लागतो तो दहाचा पाना. तो ज्या बोल्टावर बसतो त्याची जाडी बहुधा ६ मिलिमीटर, डोकं १०. पान्याचं तोंड दहाहून किंचित मोठं ठेवावंच लागतं, नाहीतर तो बसणारच नाही. चांगल्या पान्यात ही मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत राखलेली असते आणि पोलाद असं की जोर आला तरी तोंड फाकत नाही. स्वस्त पाना मुळातच सैल. जोर लावला की सपाट बाजूंवरचा भार कोपऱ्यांवर सरकतो, तोंड आणखी उघडतं, पाना सटकतो आणि बोटांची सालटी इंजिनाच्या फिन्सवर निघतात. दुसऱ्या खेपेला कोपरे गेलेले असतात, तिसऱ्या खेपेला डोकं गोल. मग पकडीनं धरा, छन्नी मारा, शेवटी वेल्डिंगवाल्याकडून त्याच्यावर नट चिकटवून घ्या. पान्यात वाचवलेले चाळीस-पन्नास रुपये असे फिटतात.

मुरलेल्या मिस्त्रीला ही सटक होण्याआधीच मनगटात कळते. तो लगेच हात ढिला सोडतो, उघडं तोंड काढून रिंग लावतो, किंवा बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचा एक टोला देऊन गंज मोकळा करतो. पोराला यातलं काही ठाऊक नसतं. बोल्ट सैल होतोय की डोकं गोल होतंय, हा फरक हाताला कळायचा तर त्या हातानं आधी पुष्कळ बोल्ट नीट सोडवलेले असावे लागतात. ढिल्या पान्यावर ते घडतच नाही. हात चुकतोय की हत्यार, हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

आणि आपल्या गॅरेजमधली वाटणी बघा. चांगला गोटी सेट शेठच्या कपाटात, कुलपात. पोराच्या वाट्याला येतो तोंड फाकलेला पाना आणि दांडा डुगडुगणारा स्क्रू ड्रायव्हर. बोल्ट गोल झाला की वरून ऐकवायचं, नाचता येईना अंगण वाकडं! अहो, त्याचं अंगण खरोखरच वाकडं असतं. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या मुलांना सुरुवातीला दिवसच्या दिवस कानस चालवायला लावतात, ते योग्यच आहे. पण बोथट कानस कापत नाही, घसरते. म्हणून मुलगा दाबतो, दाबला की हात डुलतो, आणि तुकडा सपाट व्हायच्या ऐवजी मधे फुगीर राहतो. सर म्हणतात, हात बसला नाही.

तेव्हा पेटी नको. तिच्यातले निम्मे नग कधी हातातही घेतले जात नाहीत. होंडा, यामाहा, सुझुकी आणि त्यांच्या संगतीत वाढलेल्या आपल्या गाड्यांची बहुतेक कामं ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्या पान्यांत उरकतात. एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्या टोकाला रिंग, असे सुटे पाने घ्या. सैल करताना आणि शेवटी आवळताना रिंग, कारण ती साऱ्या कोपऱ्यांना धरते. मधलं नुसतं फिरवायचं काम उघड्या तोंडाचं. ते दांड्याशी १५ अंश तिरकं असतं. अडचणीच्या जागी पाना पालथा करून लावला की पुढची पकड मिळते.

घ्यायचे कसे? पुण्यात बोहरी आळी आहे, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. काउंटरवर म्हणायचं, “काका, दहाचा एक नवा बोल्ट द्या, पाना बसवून बघतो.” चांगला दुकानदार कुरकुरत नाही. बोल्ट बोटांत घट्ट धरून पाना डावी-उजवीकडे हलवा. बोल्ट न फिरता पाना जितका डुलेल तितका तो खोटा. पकड मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारांमधून उजेड आला तर परत ठेवा. चकाकीला भुलू नका, जाड मुलाम्याचे पापुद्रे सुटतात आणि तळहात कापतात. क्रोम व्हॅनेडियमचा ठसा कुणीही मारतो. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंगसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानकं आहेत, त्यांचा उल्लेख आहे का ते विचारा.

परदेशी माल हवाच असं नाही. नाशिकच्या सातपूरची टपारिया १९६९ पासून, स्वीडिश तंत्रसहकार्यातून सुरू झालेली. जेके फाइल्सच्या कानशींचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणला आहेत. वुपरटालच्या क्निपेक्सची पकड सुंदर असते, वाद नाही, पण ती स्वतःच्या कमाईतून घ्यावी.

स्क्रू ड्रायव्हरकडे मात्र कुणी लक्षच देत नाही. जपानी कार्बुरेटरवरचा चौफुलीचा स्क्रू फिलिप्सचा दिसतो, पण त्याची खाच जपानी मानकाची असते. त्यात साधा फिलिप्स नीट बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि खाच खातो. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर जेआयएस टोकाचा मागा. मिळायला थोडी पायपीट होते.

उरला जुना बाजार. बुधवारी-रविवारी पुण्यात तिथं विलायती पाने अजून सापडतात, पोलाद उत्तम. पोरासाठी उचलण्याआधी आकडा वाचा. १/४ डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, आणि हा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. तोंड भरतं सुमारे १३.३ मिलिमीटर. तेराच्या बोल्टावर तो बसल्यासारखा वाटतो आणि डोकं गोल करून मोकळा होतो. जुनी बुलेट राखणारा कुणी ओळखीत असेल तर त्याला नेऊन द्या, तो चहा पाजेल.