सड्यावर चाके नकोत

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून, कोकणच्या सागरी मार्गाने ऐन पावसाळ्यात बिऱ्हाडासह हिंडण्याची जी अभिलाषा प्रवाशांच्या मनात उत्पन्न झाली आहे, ती सर्वथा स्वागतार्ह असली, तरी मुक्कामासाठी गाडी थेट जांभ्याच्या सड्यावर चढवण्याचा मोह आवरलाच पाहिजे. कारण उन्हाळ्यात उजाड भासणाऱ्या त्याच कातळावर श्रावणात बोटभर मातीच्या आधाराने सीतेची आसवे फुलतात, कीटकभक्षी दवबिंदू आपल्या चिकट केसांवर चिलटे धरतो, आणि राजापूर-रत्नागिरीकडे तर प्राचीन कातळशिल्पे उघड्यावर पडलेली असतात. अवजड चाकांखाली हे वैभव क्षणात चिरडले जाते. सबब जिल्हा प्रशासनाने सड्यांवर वाहनांस मज्जाव करावा, आणि ग्रामपंचायतींनी गावठाणालगत पाणी व मैल्याच्या निचऱ्याची सोय असलेले तळ माफक आकार घेऊन खुले करावेत.