शेजारचं ठिगळ

कर्करोगामुळे जिभेचा भाग कापला, की घास वळवणं अवघड होतं आणि ‘ळ’ हरवतो. मनगटाजवळची त्वचा आणून, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून जीभ घडवणं उत्तमच. पण ते कौशल्य, तो वेळ प्रत्येक जिल्ह्यात कुठून आणायचा?

जिभेच्या शेजारच्या भागातून वळवून घेतलेलं ठिगळ म्हणूनच दुय्यम मानू नये. गालाच्या आतलं अस्तर रक्तवाहिनीसकट वळवण्याची पद्धत 1992 साली, हनुवटीखालच्या त्वचेची 1993 साली मांडली गेली. छोट्या-मध्यम पोकळीला ही ठिगळं पुरतात. (हनुवटीखालच्या त्वचेमुळे पुरुषांच्या तोंडात मग दाढी उगवू शकते!)

मात्र मानेतल्या गाठींत रोग पसरला असेल, तर हनुवटीखालच्या ठिगळाचा मोह टाळावा. ही निवड शिकवणारं प्रशिक्षण जिल्हा रुग्णालयांतल्या शल्यचिकित्सकांना मिळायला हवं.