तहानलेलं की बुडालेलं?

मुलांनो,

आमच्या चौथीच्या वर्गाच्या खिडकीत मनी प्लांटची एक कुंडी आहे. यंदा जूनमध्ये लावली तेव्हा वेल कशी टवटवीत होती! ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडू लागली आणि वेलीनं मान टाकली. पाणी घालायचं काम वर्गातल्या एका मुलीकडे होतं. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "अगं, पाणी घालायला विसरतेस वाटतं? बघ, कसं कोमेजलंय!" ती काही बोलली नाही. डोळे मात्र भरून आले. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळ-दुपार दोनदा पाणी घालू लागली. आठ दिवसांत निम्मी वेल गेली.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते केलं. मातीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल! आणि वास कसला, तर कुबट, गटारासारखा.

मधल्या सुट्टीत आम्ही वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात. इथली बरीचशी तपकिरी, लिबलिबीत झालेली. चिमटीत धरलं की साल सुटून हातात यायची. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा एक सपाट तुकडा घट्ट बसला होता. पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. तो तुकडा ठेवला होता कोणी? मीच! त्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. रागावले होते सगळ्यांसमोर, मग माफी एकटीला गाठून कशी चालेल?

तुम्ही म्हणाल, पाणी भरपूर होतं तर झाड कोमेजलं कसं? अरे, मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत ती असते. पाणी तुंबलं की फटी पाण्यानं भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं? म्हणून बुडालेलं झाड थेट तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. आपण फसतो आणि आणखी पाणी ओततो. खरंच तहानलेल्या झाडाची माती कोरडी असते, कुंडी उचलली तर हलकी लागते, पानांच्या कडा कुरकुरीत होतात. आणि खालचं एखादंच पान पिवळं झालं, तर घाबरू नका. ते म्हातारं झालंय, एवढंच.

आम्ही कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापली. खापरीचा तुकडा बाकदार घेतला आणि पालथा ठेवला. निम्मी माती, निम्मी जाड वाळू घातली. खत मुद्दामच घातलं नाही. आजारी माणसाला आपण श्रीखंड-पुरी वाढतो का? पेजच देतो ना! कुंडी थोडे दिवस उन्हापासून लांब, पण उजेडात ठेवली.

वेलीचे जे तुकडे धड होते, ते पाण्याच्या बाटलीत ठेवले. यात एक गंमत आहे. नुसतं पान ठेवलं तर कदाचित हिरवं राहील, पण त्याची वेल होत नाही. पेर हवंच. पेरावर तपकिरी टोक दिसतं ना, तिथूनच मुळं फुटतात. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत होतो. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसू लागली. (मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात. आमचा शेजारच्या आजींकडून मागून आणलेला आहे, तोही वाढतोय!) फक्त धाकट्या भावंडांना पानं चावू देऊ नका, तोंडाची आग होते.

कुंडीतल्या वेलीला आता चार नवी पानं आहेत. पाण्याचं काम अजून त्याच मुलीकडे आहे. परवा मी सवयीनं तांब्या उचलला, तर ती धावत आली आणि म्हणाली, "बाई, आधी बोट!"