मॉरिशस जवळ, संगमेश्वर लांब

हिने रविवारी एक्सेल शीट उघडली आणि वर नाव घातलं : 'मॉरिशस, स्वस्तात'. माझ्या चिकटपणावर या सदरात मीच इतक्यांदा लिहिलंय, की 'स्वस्तात' कुणासाठी होतं ते सांगायला नको.

हिशेब असा. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमान मुंबईहून थेट. देश ठाणे जिल्ह्याच्या निम्मा, त्यामुळे टॅक्सी न करता साध्या बसने फिरता येतं. चलन रुपयाच, फक्त त्यांचा एक म्हणजे आपले जवळजवळ दोन. खायला रस्त्यावर धोलपुरी : डाळ भरलेली, गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळी.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मी तोंड उघडलं. म्हटलं, जायचंच तर गणपतीत जाऊ. 1834 पासून तिथल्या ऊसमळ्यांवर जी गिरमिटिया माणसं गेली, त्यांत आपले रत्नागिरीकडचेही होते. आज तिथे गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

"गणपतीत? मग गावच्या गणपतीला कोण, शेजारी जाणार?" आतून आई.

आमचं गाव संगमेश्वरजवळ. नेरूळहून पाच-सहा तासांचं. पण गणपतीत तिथे पोचायचं तर रेल्वेच्या तिकिटासाठी साठ दिवस आधी सकाळी आठला चौघांनी चार फोन घेऊन बसायचं. मागच्या वर्षी आठ वाजून दोन मिनिटांनी 'रिग्रेट' आलं. वेटिंगसुद्धा नाही, थेट दिलगिरी! मग लाल डबा. पनवेल सोडायलाच दोन तास, पुढे महामार्गाचं काम, ज्याबद्दल मी दर भाद्रपदात लिहितो आणि संपादक दर भाद्रपदात तेच छापतात. पहाटे निघालो ते नैवेद्याला नाही, आरतीला पोचलो. मॉरिशसला विमान सहा-साडेसहा तासांत टेकतं. हे मी आईला सांगितलं. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

वातावरण निवळावं म्हणून लेकीने फोनवर तिथल्या मराठी मंडळींचा 'झाकरी'चा व्हिडिओ लावला. आईने चष्मा लावला. गोल धरलेला, मधे ढोलकीवाला आणि गाणारा बसलेला, भोवती पोरं नाचतायत.

"अगं, ही तर आपली जाखडी!"

मग पुन्हा लावायला सांगितलं. मग परत. चौथ्या वेळी तिने निळ्या सदऱ्यातल्या एका पोरावर बोट ठेवलं. "ह्याचा पाय उशिरा पडतोय. आमच्या वाडीत ह्याला शेवटी उभा केला असता." ती पोरं घरात क्रिओल बोलत असतील, कदाचित त्यांना संगमेश्वर नकाशात दाखवता येणार नाही, हे लेकीने समजावून सांगितलं. "मराठी नाही येत, म्हणून ठेका चुकवायचा?" आईचा प्रश्न.

मंगळवारी पाहिलं तर हिच्या शीटमध्ये प्रवासी चाराचे पाच झाले होते आणि तारखा गणपतीनंतरच्या. आईच्या अटीवर : आधी गाव, मग परदेश. मॉरिशसची तिकिटं अजून काढायची आहेत, पण त्याची घाई नाही. गावच्या गाडीचं बुकिंग गुरुवारी आठला उघडतंय. शेजारच्यांचा फोनही मागून ठेवलाय.