कारा समुद्राचा बर्फ आणि जालन्याचे सोयाबीन

उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो, उन्हाळ्यात वितळतो. बर्फाचा विस्तार मार्चमध्ये सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटरपर्यंत जातो आणि सप्टेंबरच्या मध्यास सर्वांत कमी होतो. सप्टेंबर 2012 मध्ये तो 34 लाखांवर आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून जेमतेम जास्त. हा आजवरचा नीचांक.

उपग्रहांच्या नोंदी 1978 च्या अखेरीपासून मिळतात. बर्फ आणि पाणी यांतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरींची तीव्रता वेगवेगळी असते. ढग किंवा ध्रुवावरची दीर्घ रात्र या लहरींना फारशी अडवत नाही. नकाशावरच्या ज्या चौकोनात किमान 15 टक्के बर्फ असेल, तो सबंध चौकोन विस्तारात धरतात. उन्हाळ्यात मात्र ही मोजणी चकते. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, उपग्रहाला ती मोकळ्या समुद्रासारखी दिसतात आणि बर्फ आहे त्याहून कमी नोंदला जातो. जाडी तर या आकड्यात येतच नाही. त्यामुळे एका दिवसाच्या विक्रमापेक्षा अनेक वर्षांचा कल महत्त्वाचा, आणि तो स्पष्टपणे उतरता आहे.

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या बदलांचा अभ्यास करते. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील स्वालबार्ड बेटांवरील त्याचे ‘हिमाद्री’ स्थानक 2008 मध्ये सुरू झाले. तिथल्या फ्योर्डमध्ये (डोंगरांतल्या अरुंद खाडीत) 2014 पासून ‘इंडआर्क’ ही यंत्रणा पाण्याखालचे तापमान व क्षारता नोंदवते.

याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये एक संभाव्य दुवा मांडला: रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी होणे. बर्फ हटला की उघडे पाणी ऊन शोषते. त्या उष्णतेने वातावरणाच्या वरच्या थरांतील प्रवाह बदलतात आणि त्याचा परिणाम युरोपमार्गे आशियापर्यंत पोहोचतो. अरबी समुद्रही तापलेला असेल तर बाष्पाची जोड मिळते.

जालना जिल्ह्यात सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलेले असते, कपाशीची बोंडे फुटू लागतात. 2021 आणि 2025 च्या सप्टेंबरमधील पावसाने मराठवाड्यात याच पिकांची नासाडी केली. त्याचा दोष थेट कारा समुद्राला देणे चूक ठरेल. 2021 च्या पावसामागे ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष होते. पण जून ते ऑगस्टमधला बर्फ सप्टेंबर उजाडण्याआधीच मोजून झालेला असतो. हा दुवा पुढेही टिकला, तर हंगामाच्या शेवटच्या पावसाचा अंदाज बांधताना हवामान खात्याच्या हाती आणखी एक आधार येईल. त्यासाठी ही मोजणी वर्षानुवर्षे खंड न पडता चालली पाहिजे.