माशी आणि उकिरडा

पाऊस ओसरून ऊन पडू लागले म्हणजे गोठ्यातील जनावरे एकाएकी अस्वस्थ होतात. गाय सारखी शेपटी झाडते, कातडी थरथरविते, पाय जमिनीवर आपटते आणि धार काढावयास बसावे तर बादलीला लाथ मारते. घरधनीण म्हणते, "गाय मस्तावली." पण पुष्कळदा गाय मस्तावलेली नसते, तिच्या पायांना माश्या तोडीत असतात. मुक्या जनावरास बोलता येत नाही, म्हणून ते पाय आपटून सांगते. ते सांगणे आपण ऐकावे, एवढ्यासाठी आज हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोठ्यातील सर्व माश्या एक जातीच्या नसतात. घरमाशीला चावता येत नाही. ती केवळ चाटते. मात्र तिच्यासारखीच दिसणारी एक चावरी माशी गोठ्यात वावरते. नीट निरखून पाहिले तर तिच्या तोंडापासून सरळ पुढे आलेली टणक सोंड दिसते. ही माशी बहुधा जनावराच्या पायांवर बसते आणि तिच्यातील नर व मादी दोघेही रक्त पितात. दुसरी गोमाशी. ती आकाराने मोठी, भर उन्हात येणारी, आणि तिचा दंश इतका झोंबरा की शांत बैलही दावे तोडू पाहतो. तिच्यात रक्त पिते ती मादीच. तिसरी चिलटे. ती एक ते तीन मिलिमीटर लांबीची, म्हणजे साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत शिरणारी. त्यांचा सुळसुळाट तिन्हीसांजेला व पहाटे अधिक. त्यांच्या जोडीला डास आणि गोचीड आहेतच.

या कीटकांमुळे जनावराचे रक्त जाते आणि स्वस्थता जाते. ज्या गाईला दिवसभर शेपटी झाडावी लागते तिला पोटभर चरता येत नाही की निवांत रवंथ करता येत नाही, आणि त्याचा परिणाम संध्याकाळच्या मापात दिसतो. परंतु याहून मोठी हानी रोगामुळे होते. कीटक रोग पसरवितात हे ज्ञान फार जुने नाही. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या दोघां शास्त्रज्ञांनी १८९३ साली दाखवून दिले की, तेथील गुरांना होणारा एक जीवघेणा ताप गोचिडांमुळे पसरतो. त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १८९७ साली, रोनाल्ड रॉस यांना आपल्याच सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. माणसाच्या तापाचे कोडे सुटण्यापूर्वी गुरांच्या तापाचे कोडे सुटले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे या ज्ञानाची कसोटी लागली ती २०२२ साली. जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग प्रथम १९२९ साली आफ्रिकेतील झांबिया देशात नोंदला गेला आणि २०१९ साली ओडिशात, म्हणजे भारतात, येऊन पोहोचला. २०२२ साली त्याने गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र, कर्नाटक अशा अनेक राज्यांत थैमान घातले. देशभरात एक लाखाहून अधिक जनावरे मेली. गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. महाराष्ट्र सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३० हजार व बैलामागे २५ हजार रुपये साहाय्य दिले. तथापि ज्या घरात एकच गाय होती त्या घरातील मुलांचे दूध आणि महिन्याचा किराणा त्या पैशाने कितीसा भरून निघणार? जी जनावरे वाचली त्यांच्यापैकी कित्येकांचे दूध आटले, कित्येक गाभण गाई गाभडल्या.

हा रोग माणसाला होत नाही. जनावरांत मात्र तो चावऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. तो कसा, हे समजून घेतले पाहिजे. चावरी माशी एका जनावराचे रक्त पीत असता ते शेपटी मारते. माशी उडते आणि अर्धपोटी असल्यामुळे लगेच शेजारच्या जनावरावर बसते. पहिले जनावर रोगी असेल तर तिच्या सोंडेला लागलेले विषाणू दुसऱ्याच्या अंगात जातात. म्हणूनच रोगी जनावर वेगळे बांधले पण माश्या तशाच राहिल्या, तर ते वेगळे बांधणे अपुरे ठरते. 'तिवा' म्हणून जो तीन दिवसांचा ताप आपल्या गुरांना येतो, त्याचा प्रसारही चिलटे व डास यांच्यामुळेच होतो.

मग उपाय काय? या बाबतीत परदेशातील हरणे पाळणाऱ्यांचा अनुभव बोधप्रद आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणे पाळता येत नाहीत; पण अमेरिकेत त्यांचे कळप कुंपणात पाळले जातात. तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांना चिलटांमुळे एक रक्तस्रावी रोग होतो. १९५५ साली न्यू जर्सी राज्यात तो प्रथम ओळखला गेला. उन्हाळ्याच्या अखेरीस तो उद्भवतो. हरणाला कडक ताप भरतो, ते पाण्याकडे धाव घेते आणि काही दिवसांतच पाणवठ्यापाशी मरून पडते. पहिले हिमकण पडून चिलटे नाहीशी होईपर्यंत साथ थांबत नाही. आता हरीण हा प्राणी बुजरा. गाईप्रमाणे त्याला दाव्याला बांधून रोज अंगाला औषध चोळता येत नाही. यास्तव तेथील जाणत्या लोकांनी आपले लक्ष चिलटांच्या जन्मस्थानाकडे वळविले. चिलटांच्या अळ्या पाणवठ्याच्या काठच्या, शेणालेंड्यांनी माखलेल्या चिखलात वाढतात. तो चिखल हटवावा, पाण्याचा निचरा करावा, चिखलाच्या काठाशी हरणांना जाऊ देऊ नये, असे उपाय ते योजू लागले.

आम्हांस वाटते, गोठ्याबाबतही हाच मार्ग खरा. जनावराच्या अंगावरची माशी ही शेवटची माशी होय. तिची भावंडे उकिरड्यात वाढत असतात. चावरी माशी आपली अंडी शेण, मूत व कुजका पेंढा यांच्या ओलसर मिश्रणात घालते. गव्हाणीखाली पडणारी चगळ, म्हणजे खाऊन उरलेली तुडवलेली वैरण, ही तिची सर्वांत आवडती जागा. अंड्यातून अळी, अळीचा कोश, कोशातून माशी, हा प्रवास उष्ण हवेत दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. घरमाशीला तर आठ-दहा दिवसही पुरतात. याचा अर्थ असा की, जो आठवड्यातून एकदा गोठ्याचा कानाकोपरा खरवडून काढील, तो पुढची पिढी जन्मण्यापूर्वीच तिला अडवील. शेण तर रोजच उचलावे. पण कोपऱ्यातील ओली चगळ महिनोन् महिने तशीच राहते, आणि खरा घात तीच करते.

उकिरडा गोठ्यापासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा. खताचा ढीग पसरट न ठेवता उंच रचावा आणि त्यावर मातीचा थर किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद घालून तो झाकावा. झाकलेले खत आतून तापते, त्या उष्णतेने अळ्या मरतात आणि खतही चांगले कुजते. गोबरगॅसची टाकी असेल तर ताजे शेण रोजच्या रोज तीत जावे. मूत वाहून जाण्यास पन्हळ असावी व ती तुंबू देऊ नये. भिंतींच्या भेगा लिंपून वर चुना द्यावा, कारण गोचिडाची मादी अशा भेगांतच हजारोंनी अंडी घालते. चिलटांना वाऱ्यात नीट उडता येत नाही. म्हणून गोठ्यात वारा खेळता ठेवावा, शक्य असल्यास तिन्हीसांजेला पंखा लावावा.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आपल्या वाडवडिलांपासून चालत आली आहे. ती वाईट नव्हे. परंतु धूर आहे तोवरच तिचा गुण. कोंडलेल्या गोठ्यात दाट धूर केल्यास जनावराची छाती भरते आणि निष्काळजीपणाने पेंढ्याला आग लागते. करंज वा कडुनिंब यांचे तेल लावल्यानेही काही वेळ माश्या दूर राहतात. गोचीड व माश्यांवरील औषधे पशुवैद्यांना विचारूनच, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात वापरावीत आणि त्यानंतर दूध किती दिवस वापरू नये हेही विचारून घ्यावे. पिकावर फवारण्याचे विष जनावराच्या अंगाला कदापि लावू नये; जनावर अंग चाटते आणि त्यास विषबाधा होते. लम्पीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचण्यात आली. लसीची वेळ टळू देऊ नये, कारण साथ दाराशी आल्यावर टोचलेल्या लसीला अंगात बळ धरण्यास अवधी मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती सर्वांत अवघड आहे. माशीला कुंपण ठाऊक नसते. चावरी माशी भक्ष्याच्या शोधात काही किलोमीटरही जाऊ शकते. एका घराने आपला गोठा आरशासारखा लख्ख ठेवला आणि शेजारच्या अंगणात उघडा उकिरडा सडत राहिला, तर पहिल्या घरची गाय पाय आपटीतच राहणार. अशा वेळी शेजाऱ्याच्या नावाने बोटे मोडण्याने काही साधत नाही. त्या घरी कदाचित कर्ता माणूस गावी नसेल, म्हातारी एकटी असेल, तिच्याने घमेले उचलत नसेल. वाड्यातील चार तरुणांनी आठवड्यातील एक सकाळ ठरवून सर्वांचे उकिरडे ओळीने झाकले, तर त्या म्हातारीची गाय वाचेल आणि तिच्याबरोबर आपलीही.

२०२२ च्या साथीने ज्या गोठ्यांतील दावी रिकामी केली, त्यांपैकी काही अजून तशीच लोंबत असतील. ती पाहून हळहळण्यापेक्षा, वाचकहो, या आठवड्यात आपल्या गव्हाणीखालची चगळ तेवढी उपसा. पावसाची उघडीप पडली आहे. काम अर्ध्या दिवसाचे आहे.